शेळीची हजेरी ८२ टक्के : कॉलेजवरची लहरी विनोदी फिल्म पदरच्या पैशांत कशी करावी

कॉलेजवर विनोदी फिल्म करायची असेल तर गोष्टीत अशक्य अशी एकच बाब ठेवा आणि बाकी सगळं तंतोतंत खरं लिहा. पुढे मी कॅमेरा, माइक, परवानग्या, संकलन यांबद्दल बरंच सांगणार आहे, पण ते सगळं या एका गोष्टीसाठीच.

मी पोटासाठी मालिकांचं संकलन करते. उरलेल्या वेळात सातारा-कराड भागातल्या कॉलेजांतली मुलं त्यांच्या फिल्म घेऊन येतात, त्यांना त्या पुऱ्या करायला मदत करते. त्यांच्या पहिल्या खर्ड्यांत बहुतेक वेळा हॉस्टेलमध्ये भूत असतं, प्राचार्य परग्रहावरून आलेले असतात, कँटीनच्या चहात काहीतरी मिसळलेलं असतं आणि शेवटी सगळं स्वप्न निघतं. हे सगळं एकाच फिल्ममध्ये, वीस मिनिटांत. इथे काहीही होऊ शकतं हे एकदा प्रेक्षकाला कळलं की त्याला कशाचंच नवल वाटत नाही.

याउलट साताऱ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांची कल्पना ऐका. कॉलेजच्या मागच्या डोंगरउतारावर चरणारी एक शेळी रोज सेकंड इयर मेकॅनिकलच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकाशेजारी बसते. तासिका तत्त्वावर नुकतेच लागलेले सर सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी डोकी मोजतात. डोकी ६१ भरतात, मस्टरवर नावं ६०. हिशेब जुळलाच पाहिजे म्हणून ते मस्टरमध्ये एकसष्टावी ओळ आखतात. सेमिस्टरअखेर डिफॉल्टर लिस्ट लागते. अर्धा वर्ग ७५ टक्क्यांच्या खाली आणि शेळीची हजेरी ८२ टक्के. मग तिचं सबमिशन, तिची ओरल, तिचं नो ड्यूज, म्हणजे कॉलेजचं काही देणं उरलं नसल्याचा सह्यांचा कागद. लायब्ररीतल्या मॅडम नो ड्यूजवर सही करत नाहीत, कारण तिने थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक खाल्लंय आणि नियमाप्रमाणे किंमत भरल्याशिवाय सही मिळत नाही.

यात अशक्य ते एवढंच, की शेळीचं नाव मस्टरवर चढतं. बाकी प्रत्येक बाब महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्या कुणीही भोगलेली आहे. म्हणून हसू येतं. हीच फिल्म उदाहरणाला धरून सांगते.

लिहिण्याआधी गोळा करा

संहितेला बसण्याआधी आठवडाभर वही घेऊन स्वतःच्याच कॉलेजात परक्यासारखं हिंडा. नोटीस बोर्डावरचा मजकूर शब्दन् शब्द उतरवून घ्या: ‘विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की…’ पासून खालच्या सहीपर्यंत. परीक्षा विभागाची खिडकी किती वाजता उघडते आणि उघडण्याची वेळ काय लिहिली आहे, दोन्ही टिपा. डिपॉझिट परत घ्यायला किती सह्या लागतात, त्यातली कोणती सही करणारी व्यक्ती कायम जेवायला गेलेली असते, जर्नलला कुठल्या रंगाचं कव्हर चालत नाही. अशा टिपणांतून जे मिळतं ते डोक्यातून काढता येत नाही.

शेळीवाल्या मुलांच्या टिपणांत सगळ्यात मोलाचं निघालं ते जीटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्लास ट्रेसिंग. ड्रॉइंगची शीट रात्रीत पुरी करायची असते. दोन टेबलांच्या फटीवर काच ठेवतात, खाली बल्ब लावतात, काचेवर मित्राची पुरी झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि दिसणाऱ्या रेघा गिरवत जायच्या. खोलीतले बाकीचे दिवे बंद. चौघे मुलं काचेभोवती वाकलेली आणि प्रकाश फक्त खालून, कागदातून गाळून चेहऱ्यावर. कुठलंही लाइटचं सामान भाड्याने न आणता इतका सुंदर प्रकाश मिळतो की फिल्मचा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग त्यांनी तिथेच बसवला: शेळीची शीट कोण काढणार यावरची चर्चा. चर्चा पूर्ण गांभीर्याने, कारण तिचं सबमिशन राहिलं तर वर्गाचा निकाल खाली येणार. तुमच्या कॉलेजात असे स्वतःचा उजेड घेऊन आलेले प्रसंग असतील. लॅबमधला बर्नर, वर्कशॉपमधलं वेल्डिंग, गॅदरिंगच्या आदल्या रात्रीची रोषणाई. ते आधी शोधा, गोष्ट त्यांच्यापाशी न्या.

संवाद लिहिताना एक कसोटी लावा: कुठल्याही पात्राला आपण विनोदी फिल्ममध्ये आहोत हे कळता कामा नये. मुलांच्या पहिल्या खर्ड्यात सर शेळी बघून ओरडतात, पळतात, खडू फेकतात, वर्ग हसतो. बदललेला प्रसंग असा होता:

सर डोकी मोजतात. थांबतात. पुन्हा मोजतात.
“साठ जणांचा वर्ग आहे ना?”
“हो सर.”
“मग एकसष्ट कसे?”
(शांतता. घंटीचा आवाज.)
“ती मागच्या सेमपासून येते सर.”
“मग मस्टरवर का नाही?”
सर मस्टर उघडतात, खिशातून पट्टी काढतात, ओळ आखतात.
“आडनाव?”

सरांना शेळीचं काही वाटत नाही, मस्टर अपुरं असल्याचं वाटतं. नवीन नोकरी, तासिकेवर पगार, वरिष्ठांसमोर हिशेब चुकायला नको ही त्यांची काळजी खरी आहे, आणि त्या काळजीचा मान राखला की प्रेक्षक त्यांना हसता हसता त्यांच्या बाजूचा होतो. शिपाईमामा, लॅब असिस्टंट, मेसच्या मावशी यांना हास्यास्पद करून मिळवलेला विनोद मला सहन होत नाही आणि पडद्यावर तो टिकतही नाही.

भाषेचंही तेच. हॉस्टेलच्या एका खोलीत ‘भावा’ म्हणणारा कोल्हापूरचा, ‘बे’ म्हणणारा अमरावतीचा आणि ‘भो’ म्हणणारा जळगावचा असतो. त्यांना तसंच बोलू द्या. पण नुसत्या बोलीवर हशा मिळेल या आशेने वाक्य लिहिलं असेल तर ते काढून टाका. कुणाचं घर हे विनोदाचं कारण होऊ शकत नाही.

इंग्रजी पटकथेत एक पान म्हणजे एक मिनिट धरतात. आपल्या वहीतल्या देवनागरी पानाला तो हिशेब लागू पडत नाही. सगळ्यांनी गोल बसून घड्याळ लावून मोठ्याने वाचा. वाचन जितकी मिनिटं भरेल त्याच्या साधारण सव्वापट फिल्म होते, कारण अशा विनोदात थांबे फार असतात. पहिल्या फिल्मला २० ते २५ मिनिटं खूप झाली.

आधी एका मिनिटाची फिल्म

संहिता तयार झाली की वर्गणी मागायला किंवा प्राचार्यांकडे लगेच जाऊ नका. आधी फार तर एक मिनिट शूट करा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली हेच केलं होतं. भांडवल द्यायला लोक तयार नव्हते, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेतली आणि रोप डोळ्यांदेखत वाढताना दाखवणारी छोटी फिल्म केली. ती पाहून पैसा उभा राहण्याची वाट मोकळी झाली आणि पुढच्या वर्षी त्यांचा पहिला चित्रपट आला.

त्यांची युक्ती लहरी फिल्मसाठी आजही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गोड आहे. शेळीने जर्नल खाल्लं हे दाखवायला मुलांनी फोन स्टँडवर पक्का बसवला, जर्नल टेबलावर ठेवलं आणि दर फोटोला कडेचा एक छोटा तुकडा फाडत गेले. सेकंदाला २५ फ्रेम धरून प्रत्येक फोटो दोन फ्रेम टिकवला, तर दहा सेकंदांना १२५ फोटो लागतात. एका दुपारचं काम. खिडकीतला उजेड बदलत राहतो, म्हणून खिडकीला जाड चादर लावा आणि एकाच दिव्यावर सगळे फोटो घ्या. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक हवेत. तुकडे फाडणाऱ्याने एकाच रंगाचे गडद कपडे घालावेत, नाहीतर त्याच्या शर्टाची झाक पांढऱ्या कागदावर उमटते.

ही दहा सेकंदं प्राचार्यांना दाखवल्यावर परवानगीचं बोलणं सोपं झालं. पानभर सारांशातून जे कळलं नसतं ते त्यांना तिथे कळलं: फिल्म कॉलेजची टिंगल करणारी नाही.

शेळी कुठून आणायची

आणायची नाही. चित्रपटात प्राण्याला काम करायला लावायचं तर ‘परफॉर्मिंग अ‍ॅनिमल्स’ नियम, २००१ लागू होतात. भारतीय पशुकल्याण मंडळाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, जनावराच्या तब्येतीचा दाखला लागतो, आणि पुढे सेन्सॉरला फिल्म दाखवायची तर मंडळाचं ना हरकत पत्र मागतात. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. हे नियम जनावरांच्या भल्यासाठी आहेत आणि मला ते योग्यच वाटतात. दिवसभर दिव्यांत, गर्दीत, पुन्हा पुन्हा तेच करायला लावणं शेळीला सोसणारं नाही.

हे ऐकून मुलांचे चेहरे उतरले होते. पण दोन दिवसांनी तीच मुलं परत आली ती जास्त चांगली फिल्म घेऊन. शेळी दिसतच नाही. दिसतात त्या बाकाखालच्या लेंड्या, खाल्लेलं जर्नल, दार आपोआप किलकिलं होताना. ऐकू येते ती घंटी. मुलं मागच्या बाकाकडे बघतात, सरकून जागा देतात. एका मुलीने तर ट्रॅडिशनल डेला तिच्यासाठी ओढणी आणलेली असते. प्रेक्षक आपापली शेळी मनात उभी करतो आणि ती कुठल्याही खऱ्या शेळीपेक्षा हुशार असते. तुमच्या गोष्टीत हत्ती असेल, बस पाण्यात बुडत असेल, प्राचार्यांना शेपूट फुटत असेल, तर हाच मार्ग धरा: अशक्य गोष्ट चौकटीबाहेर ठेवा आणि तिच्याकडे बघणाऱ्यांचे चेहरे दाखवा. लेंड्या मुलांनी चिंच आणि गुळाच्या केल्या होत्या. दिसायला उत्तम, फक्त मुंग्या येतात, म्हणून शॉटच्या आधी पाच मिनिटं मांडायच्या.

कागद

प्राचार्यांकडून लेखी परवानगी घ्या. तीत तारखा, खोल्या, वेळ आणि जबाबदार व्यक्तीचं नाव हवं. कॉलेजचं बोधचिन्ह दिसणार असेल तर तसं लिहून घ्या. नाहीतर काल्पनिक नाव करून स्वतःचं बोधचिन्ह काढा, तो कामाचा मजेशीर भाग असतो. रस्ता, एसटी स्टँड, किल्ला अशा सार्वजनिक जागा हव्या असतील तर महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी व्यवस्था आहे, तिथून सुरुवात करा.

काम करणाऱ्या प्रत्येकाकडून एका पानाचं संमतिपत्र. अकरावी-बारावीचं कुणी असेल तर पालकांची सही. आणि निर्माता कोण हे शूटिंगच्या आधी कागदावर ठरवा. भारतीय कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्यालाच धरतात. फिल्म करताना सगळे मित्र असतात, फिल्मला बक्षीस मिळाल्यावर हा प्रश्न निघतो.

कुणाच्या हातात सिगारेट देऊ नका. थिएटरात जाणाऱ्या फिल्ममध्ये तंबाखू दिसली की सुरुवातीला आणि मध्ये किमान तीस-तीस सेकंदांच्या आरोग्यविषयक फिती आणि पडद्यावर सूचना लागते. वीस मिनिटांच्या फिल्मचा श्वासच त्यात तुटतो. टपरीवरचा प्रसंग कटिंगवर भागतो.

तारखा, जेवण, केस

गर्दीचे प्रसंग सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात घ्या, कारण डिफॉल्टर लिस्टच्या भीतीने तेव्हाच सगळे कॉलेजात असतात. दोघा-तिघांचे प्रसंग सुट्टीत, रिकाम्या इमारतीत. अडचण एकच: दिवाळीला घरी गेलेली मुलं केस कापून येतात. पहिल्या दिवशीच प्रत्येकाचे समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढा आणि शूटिंग संपेपर्यंत न्हाव्याकडे जायची बंदी घाला. आमच्याकडे गवताचंही बघावं लागतं. सप्टेंबरात हिरवागार असलेला उतार दिवाळीनंतर पिवळा पडतो, म्हणून बाहेरचे सगळे प्रसंग एकाच आठवड्यात उरकावेत.

वर्गणीतून पैसे जमले की पहिला खर्च जेवणाचा. वडापाववर तीन दिवस काढलेलं युनिट चौथ्या दिवशी एकमेकांवर ओरडायला लागतं. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके सगळ्या युनिटचा स्वयंपाक करून वर कच्च्या फिल्मला छिद्रं पाडायचं कामही करत. आपल्याला मेसच्या मावशींना रीतसर पैसे देऊन दोन वेळचं जेवण सांगता येतं. त्यांचं नाव श्रेयनामावलीत ठसठशीत घ्या. दुसरा खर्च माइक, तिसरा दोन हार्ड डिस्क. महागडा कॅमेरा आणि लेन्स भाड्याने आणायची हौस त्यानंतर पैसे उरले तर.

नट

आपल्याकडे कॉलेजातली नटमंडळी एकांकिकांतून तयार होतात. पुण्याची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि त्या मुशीतून आलेली मुलं शिस्तीची, पाठांतराची पक्की, वेळेवर येणारी असतात. फक्त त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असते. मी एक सराव करून घेते: समोरासमोर बसायचं, मध्ये एक हाताचं अंतर, आणि बाजूच्या खोलीत कुणी झोपलंय असं समजून पूर्ण प्रसंग बोलायचा. आवाज खाली आला की हात थांबतात, भुवया थांबतात. मग तोच प्रसंग खऱ्या कामात गुंतवून करायचा. शीट गिरवताना, डबा घासताना, जर्नलला कव्हर घालताना. हात कामात असले की वाक्य आपोआप खरं येतं.

शिपाईमामांच्या भूमिकेसाठी विशीतल्या मुलाला मिशा चिकटवू नका. गावात भजनी मंडळात, हौशी नाटकांत, लग्नांत सूत्रसंचालन करणारे पन्नाशीतले लोक असतात. त्यांच्याकडे जा, ‘काका, एक काम होतं’ म्हणा, गोष्ट सांगा. बहुतेक जण येतात.

कॅमेरा थोडक्यात

फोन चालतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली फोन आपल्या मर्जीने शटर बदलतो आणि चित्रावर काळे पट्टे सरकायला लागतात. शटर १/५० सेकंदावर बांधा, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा, पट्टे जातात. त्यासाठी हाताने नियंत्रण देणारं अ‍ॅप घ्या. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, तोही लॉक करा.

चौकट सरळ, समोरून, स्थिर. दोन माणसं बोलत असतील तर दोघांना एकाच चौकटीत ठेवा. हसू बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं. कॅमेरा हलवून, झूम करून प्रेक्षकाला ‘आता हसा’ सांगायची गरज नाही.

आवाजावर जीव टाका

चित्र थोडं धूसर असलं तरी लोक फिल्म बघतात. संवाद कळला नाही तर फोन काढतात. विनोदी फिल्ममध्ये एक शब्द गेला तर अख्खा प्रसंग गेला.

टेक सुरू होण्याआधी पंखे बंद. एप्रिलच्या उकाड्यात हे जिवावर येतं, म्हणून टेक छोटे ठेवा आणि मधल्या वेळात पंखे लावा. कँटीनमध्ये शूट करताना फ्रिजची घरघर माइकमध्ये येते. फ्रिज बंद करा आणि ज्याने बंद केला त्याने स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी. ध्वनिमुद्रकांची ही जुनी पद्धत आहे: किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि फ्रिज उघडला की तो चालू करायचं आठवतं. कँटीनवाल्याचं दूध नासलं तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला तिथे कुणी उभं करणार नाही.

कॉलरचा माइक सुती शर्टाच्या आत, छातीच्या हाडावर चिकटवा. नायलॉन आणि कडक इस्त्रीचे कपडे खसखसतात. सरांच्या शर्टाला शूटिंगच्या दिवशी इस्त्री नको. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झवर, आणि बोलण्याची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी. वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेत असाल तर चित्र आणि आवाज नंतर जुळवता यावेत म्हणून प्रत्येक टेकच्या आधी टाळी, आणि फोनमध्ये फ्रेम रेट स्थिर असल्याची खात्री. तो वरखाली झाला तर तीन मिनिटांच्या टेकच्या शेवटी ओठ आणि आवाज वेगळे पडतात.

प्रत्येक जागेचं काम संपलं की सगळ्यांनी गप्प उभं राहून मिनिटभर त्या जागेची शांतता मुद्रित करा. रिकाम्या वर्गाची शांतता आणि जिन्याची शांतता वेगळी असते. संकलनात दोन वाक्यांच्या मधला थांबा वाढवायचा झाला की हीच शांतता तिथे भरावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या फिल्ममध्ये नेमकं हेच नसतं.

शेळीसाठी मुलांनी बाजारातून वेगवेगळ्या घंट्या आणल्या. पितळेची मोठी घंटी बैलाची वाटत होती. शेवटी लहान, किंचित फुटक्या आवाजाची एक निवडली आणि ती जवळून, व्हरांड्याच्या टोकाकडून, जिन्याखालून, बंद दारामागून अशी मुद्रित केली. खुरांसाठी करवंट्या वाजवल्या तर घोडा येतो. लाकडी फूटपट्टीचा कोपरा शहाबादी फरशीवर हलकेच टेकवला तेव्हा शेळी आली. या आवाजांवर घालवलेला एक दिवस अख्ख्या फिल्मचा कणा ठरला.

रोज रात्री झोपण्याआधी दिवसभराचं काम दोन्ही डिस्कवर उतरवा, आणि दोन डिस्क दोन वेगळ्या घरी ठेवा. दोन्हीवरून फायली उघडून बघितल्याशिवाय फोन रिकामा करू नका.

संकलन

दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. पहिल्या कापात काहीही गाळू नका, सगळे प्रसंग संहितेच्या क्रमाने लावा आणि एकदा सलग बघा. हा कंटाळवाणा असतो, असू द्या.

मग थांब्यांवर काम. मालिकेत एका वाक्यावर तीन चेहरे, तीन झूम आणि एक दणका देऊन आम्ही प्रेक्षकाला धरून ठेवतो, कारण तो घरात काम करता करता बघत असतो. तुमचा प्रेक्षक अंधारात बसून बघणार आहे. त्याला वेळ द्या. “आडनाव?” या शब्दानंतर मुलांनी लगेच काप घेतला होता. मी तिथे सरांचं पेन मस्टरवर थांबलेलं आणि मागच्या बाकावरच्या दोघांची एकमेकांकडे गेलेली नजर राहू दिली, मग घंटी. जवळपास दोन सेकंदं. हशा तिथे पिकला. उलट, काही जागी वाक्य पुरं व्हायच्या आधी सहा फ्रेम कापल्या की ते चमकतं. हे नियमाने सांगता येत नाही. एकदा बारा फ्रेम वाढवून, एकदा बारा कमी करून, दोन्ही सलग बघा आणि अंग काय सांगतं ते ऐका.

टुंग, फुस्स, घसरगुंडी असले आवाज लावू नका. विनोदी प्रसंगाखाली विनोदी संगीतही नको. शेळीवाल्या फिल्ममध्ये संगीत फक्त जीटीच्या रात्रीला आहे. हार्मोनियमचे चार सूर, कॉलेजातल्याच एका मुलीने वाजवलेले. चाल तिचीच, आणि तिच्याकडून लेखी परवानगी घेतलेली.

गाजलेलं गाणं कँटीनच्या रेडिओवर वाजतंय असं दाखवायचा मोह होतो. कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्यांचा हक्क राहतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे मुद्रण जुनं झालं तरी चाल आणि शब्द मोकळे झालेले असतीलच असं नाही. रेडिओवर मुलांनी स्वतः लिहून वाचलेला शेतकऱ्यांसाठीचा हवामानाचा अंदाज लावला, तो गाण्यापेक्षा शोभला.

फिल्म जवळजवळ पुरी झाली की गोष्ट माहीत नसलेल्या सात-आठ जणांना दाखवा आणि तुम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत बसा. कुणी कधी हललं, कुणी फोन काढला, कुठे हशा यायला हवा होता आणि आला नाही, ती वेळ लिहून घ्या. ‘कशी वाटली?’ हा प्रश्न विचारू नका, लोक प्रेमाने खोटं बोलतात. ‘शेळीला शेवटी सही मिळाली का?’ असा प्रश्न विचारा. उत्तर चुकलं तर तुमचा शेवट कळलेला नाही.

दाखवणं

थिएटरात सार्वजनिक प्रदर्शन करायचं तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या फिल्मच्या, गटाचे ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन भाग झाले आहेत. महोत्सवांसाठी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, आणि ती आयोजक घेतात; अर्ज भरताना त्यांना विचारा. काही महोत्सव आधीच इंटरनेटवर टाकलेली फिल्म घेत नाहीत, म्हणून नियम वाचल्याशिवाय यूट्यूबवर चढवू नका. मोठ्या पडद्यासाठी डीसीपी, म्हणजे थिएटरच्या यंत्रावर चालणारा डिजिटल फायलींचा संच, मागितलं तर ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ हे फुकट सॉफ्टवेअर आहे. थिएटरचं यंत्र २४ फ्रेमवर हमखास चालतं, २५ वर बहुधा चालतं, म्हणून आधी फोन करून विचारा आणि तिथे जाऊन पाच मिनिटं चालवून बघा.

मराठी फिल्म असली तरी इंग्रजी उपशीर्षकं करा. डिफॉल्टर लिस्ट, जीटी, नो ड्यूज या गोष्टी बाहेरच्या माणसाला कळतील इतकंच लिहा, समजावत बसू नका. ओळ वाचून व्हायच्या आत विनोद फुटणार नाही अशा बेताने ती तोडा: “मग एकसष्ट कसे?” आणि “ती मागच्या सेमपासून येते” एकाच वेळी पडद्यावर दिसता कामा नयेत.

पहिला खेळ कॉलेजच्या सभागृहातच करा, आणि मामा, लायब्ररीच्या मॅडम, मेसच्या मावशी यांना स्वतः जाऊन बोलावणं द्या. त्याआधी श्रेयनामावलीचा कागद प्रत्येकाच्या हातात देऊन स्वतःचं नाव तपासून सही करायला सांगा. वेलांटी, ऱ्हस्वदीर्घ, वडिलांचं नाव हवं की नको, सगळं ज्याचं त्याने बघावं. सगळ्या सह्या आल्यावरच शेवटची फाइल काढायची.